कालव्यावरची केट कुणाच्या हातची

थेल्मा स्किडमोर चिडली की आरडाओरडा करत नाही. ती भांडी घासायला घेते. घासलेलीच पुन्हा घासते. तिचं घर आणि आमचं घर खांद्याला खांदा लावून उभं आहे आणि मधली भिंत एका विटेची. त्यामुळे वरच्या खोलीत चित्रं काढत बसलेल्या मला तिचा राग किती चढलाय ते पातेल्याच्या आवाजावरून कळतं. नवरा रॉन हयात होता तेव्हा त्याच्यावरचा राग साधारण बशीइतका असायचा. नगरपालिकेवरचा कढईइतका. मार्चातल्या त्या दुपारी मात्र असा दणका झाला की मी काढत होतो त्या परग्रहावरच्या राक्षसाचा एक पाय सरळ पानाबाहेर गेला.

मी ब्रश ठेवला आणि तिच्या मागच्या दारानं आत गेलो. आमच्या गल्लीत पुढचं दार डॉक्टर, पोलीस आणि शवपेटी यांच्यासाठीच असतं.

“दार लाव, क्रेग,” ती सिंककडे तोंड करूनच म्हणाली. “थंडी आत येतेय आणि मॅल्कम काही बाहेर जात नाहीये.”

मॅल्कम हिंगली टेबलाशी बसला होता. पुढ्यात गार झालेला चहा, आणि शेजारी उशीएवढं जाडजूड, चकचकीत पुस्तक.

आमच्या कॉमिक्सच्या धंद्यात मॅल्कमला न ओळखणारा माणूस नाही. जन्मभर त्यानं पाणीपट्टीच्या कचेरीत कारकुनी केली, पण खरी नोकरी कॉमिक्सची. कुठल्या साप्ताहिकात कुठल्या साली कुणी काय काढलं हे तो झोपेतही सांगेल, आणि त्याच्या बायकोचं म्हणणं, झोपेतच जास्त सांगतो. पूर्वी आमच्याकडे कॉमिक्सवर चित्रकाराचं नाव छापतच नसत. नाव झालं की माणूस शेफारतो, असं लंडनच्या कंपन्यांचं ठाम मत. मग कुणाचं काम कुठलं हे ठरवायचं कुणी? तर मॅल्कमसारख्यांनी. कान कसा काढलाय, बुटाच्या नाड्या कशा, धूर कसा वळतो, यावरून ते हात ओळखायचे. मॅल्कमनं एकदा म्हटलं की ते दगडावर कोरलं गेलं.

मी पुस्तक ओढून पाहिलं. ‘कालव्यावरची केट : संपूर्ण कथा’. आणि खाली, पाव इंच उंचीच्या सोनेरी अक्षरांत, ‘चित्रं : रेज पार्जिटर’.

मला पातेल्याचा अर्थ कळला.

‘क्लोव्हर’ नावाचं मुलींचं साप्ताहिक निघायचं. त्यात केट यायची. आई नाही, बाप दारुडा, कोळशाची होडी घोड्यानं ओढत नेणारी बारा-तेरा वर्षांची पोर. आज साठीत असलेल्या इथल्या कुठल्याही बाईसमोर केटचं नाव काढा, ती हातातली पिशवी खाली ठेवते. मग पंधरा मिनिटं तुमची सुटका नाही. ती केट दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, याच टेबलावर जन्माला आली. पाठच्या अंगणाच्या पलीकडे तोच कालवा, तेच हिरवं-काळं पाणी. माझी आजी सांगायची, थेल्मा एका हातानं मटार ढवळायची आणि दुसऱ्या हातानं घोडा काढायची, आणि मटार करपायचे, घोडा कधी करपला नाही.

“शेवटचं पान वाच,” थेल्मा म्हणाली. “मोठ्यानं वाच. त्याला स्वतःची भाषा ऐकू दे.”

शेवटच्या पानावर आभार होते. ग्रंथालयं, संग्राहक, रेजची मुलगी. सगळ्यात खाली: ‘आणि चहा, बिस्किटं व गोड आठवणी यांसाठी आमची लाडकी थेल्मा.’

“बिस्किटं दुकानातली होती, मॅल्कम,” ती म्हणाली. “त्यांचं श्रेय तरी बिस्किटवाल्याला द्यायचंस. तेवढी एक गोष्ट मी केली नव्हती, आणि तेवढीच तू माझ्या नावावर घातलीस.”

“थेल्मा, हे आपण बोललोय,” मॅल्कम म्हणाला. त्याचा आवाज असा, की जणू मांजरीला औषध पाजतोय. “पुरावा काय? मूळ पानं कंपनीनं जाळली. कागद नाही, पत्तर नाही. मला एक पुरावा दे.”

“पुरावा तुला मघापासून चहा ओततोय.”

“रेजनं मुलाखतीत स्वच्छ सांगितलं होतं. केट त्याची. तू काही पानांना हातभार लावलास.”

“हातभार!” पातेलं गेलं सिंकमध्ये. “क्रेग, बाळा, गर्भारपणात बाईला उलट्या होतात, नऊ महिने ती वजन वाहते, आणि शेजारी म्हणतो, हो, तिचाही हातभार होता!”

मॅल्कम माझ्याकडे आशेनं बघायला लागला. पुरुष म्हणून मी त्याची बाजू घेईन असं वाटलं असावं. मी बिस्किट घेतलं.

त्याला आणखी एक सांगायचं होतं, तेच सांगायला तो खरं आला होता. जूनमध्ये विमानतळाजवळच्या प्रदर्शनाच्या दालनात मोठं संमेलन होतं. पुस्तक तिथंच निघणार. आणि त्या निमित्तानं व्यासपीठावर ‘जुनी संमेलनं, गोड आठवणी’ असा कार्यक्रम. थेल्मानं यावं. जुन्यांपैकी आता उरलंय कोण?

“गोड आठवणी,” थेल्मा म्हणाली. हात पुसत ती पहिल्यांदा आमच्याकडे वळली. “येईन की. गोड काय, तिखट काय, माझ्याकडे सगळ्या आहेत. पण त्याआधी कव्हरवरचं ते नाव बदल.”

“छापून झालंय.”

“मग पुढच्या छपाईला बदल.”

“कशाच्या आधारावर?” मॅल्कम कोट चढवत म्हणाला, आणि पुढच्या दारानं गेला. डॉक्टर नाही, पोलीस नाही, तरी पुढच्या दारानं. थेल्मानं ते बरोबर हेरलं.

तो गेल्यावर तिनं मला बसवून घेतलं. पहिल्या संमेलनाची गोष्ट मी तिच्याकडून पुष्कळदा ऐकली होती, पण नेहमी हसत सांगितलेली. त्या दिवशी ती दात आवळून सांगत होती, आणि गंमत म्हणजे गोष्ट तीच होती.

सत्तर-एकाहत्तर साल. बर्मिंगहॅमला स्टेशनजवळच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर संमेलन. ते हॉटेल आता नाही, तिथं गाड्या उभ्या करतात. ‘क्लोव्हर’चा संपादक लंडनहून पाहुणा म्हणून येणार होता. त्यानं थेल्माला फोनवर सांगितलं, तुमच्या घरापासून जवळच आहे, या, पण आपण काय काढता याबद्दल तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं की काम बंद. हा कंपनीचा नियम, आणि तो खोटा नव्हता. एकाचं काम असंच गेलं होतं.

“दाराशी एक पोरगं,” थेल्मा म्हणाली. “मला विचारतंय, कुणाबरोबर आलात? मी म्हटलं, एकटी. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आपला कोट काढून माझ्या हातात दिला! त्याला वाटलं मी हॉटेलची. त्याच्या मागच्यानंही दिला. चांगले पाच-सहा कोट घेऊन मी उभी. शेवटी खुर्चीवर टाकले आणि त्यांच्यावरच बसले. ऊबदार होते.”

पण आत गेली आणि तिचं भान हरपलं. सगळी पोरंच. कुणाच्या बोटांना घरी काढलेल्या चाहता-अंकांच्या सायक्लोस्टाईलची शाई, कुणाच्या खिशातून अंकांची गुंडाळी डोकावतेय. जहाजातून आलेले अमेरिकन अंक ती पोरं अंडी हाताळावीत तशी हाताळत होती. एका खोलीत आठ-दहाजण जमिनीवर झोपणार. आणि भिंतीला टेकून, बिअरचे ग्लास घेऊन, आजवर ज्यांना तिनं फक्त रेषांवरून ओळखलं होतं ते सगळे चित्रकार. टाय लावलेले, टक्कल पडलेले, कारकुनासारखे दिसणारे. तिच्यासारखेच स्वयंपाकघरात नाहीतर कोठीत बसून जन्म काढणारे, आणि तिच्यासारखेच एकमेकांना प्रथम बघणारे.

“जेवणाच्या टेबलांवर कागद अंथरला होता,” ती म्हणाली. “सूप यायच्या आत कागदावर जागा उरली नाही. रणगाडे, फुटबॉलवाले, भुतं, कुत्री. वाढपी ताट कुठं ठेवू म्हणून विचारत होता. मॅनेजर तर लाल. मी इतकी हसले होते, क्रेग, की पोटात दुखलं. घरी मी पोरांची आई, रॉनची बायको. तिथं माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, हे निब कुठलं वापरता? मला आयुष्यात तोवर कुणी काही विचारलं होतं तर, जेवायला काय आहे, एवढंच.”

मग तो खेळ. ‘हात कुणाचा?’ अंधार करून यंत्रानं भिंतीवर एखादं पान पाडायचं. खालून पोरांनी ओरडायचं, अमक्याचा! बरोबर निघालं की तो चित्रकार उठून उभा राहणार, आणि सगळे लाकडी जमिनीवर पाय आपटणार. खालच्या भोजनगृहात म्हणे सूपमध्ये छताचे पोपडे पडायचे. ज्यांचं नाव जन्मात कुठं छापलं गेलं नाही, अशी टकलं पडलेली माणसं त्या पायांच्या आवाजात उभी राहायची आणि टाय सारखा करायची. कंपनीच्या नियमाचं काय? पोरांच्या कॉमिक्सचे संपादक आले नव्हते. आला होता तो फक्त ‘क्लोव्हर’चा.

आणि भिंतीवर केट आली.

पाऊस, कालव्याचं दार, घोडा अडलेला, केट दोरी खांद्यावर घेऊन वाकलेली. आणि पाणी. थेल्माचं पाणी कुणीही बघावं. ते काळं असतं आणि तरी खोल दिसतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मुलींच्या अंकातलं पान, कबूल कसं करायचं की आपण बहिणीचा अंक चोरून वाचतो? मग पुढून एक पातळ आवाज आला, “रेज पार्जिटर!” लगेच मागून सगळे, “पार्जिटर! पार्जिटर! असं पाणी दुसरं कोण काढणार?”

रेज पार्जिटर युद्धाच्या गोष्टी काढायचा. बुडणाऱ्या बोटी, तोफा, लाटा. स्वतः नौदलात होता, म्हणजे स्वयंपाकी होता, पण होता. पाण्याचा माणूस. शिवाय पुरुष. पोरांचं गणित सरळ होतं.

थेल्मा कोटांवर बसून होती. तिच्यापुढच्या रांगेत संपादक. तो मागं वळला, आणि तिच्याकडे बघून भुवई इतकीशी उचलली.

रेजनं पाहिलं, भिंतीकडे, मग खोलीत सगळीकडे. आणि ग्लास उंचावून उभा राहिला.

जमीन हादरली म्हणे.

“नंतर तो माझ्याकडे आला,” थेल्मा म्हणाली. “त्याला ठाऊक होतं, सूपच्या वेळी मला काढताना पाहिलं होतं त्यानं. म्हणाला, ‘माफ कर, पोरी. मी नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न, मग कुणाचं? तुझा साहेब समोर बसलाय. सांभाळून ठेवतो मी तुझ्यासाठी. वेळ आली की परत देतो.’ मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! आणि मी त्याला थँक्यू म्हटलं, क्रेग! थँक्यू! माझं पोर उचलून नेलं, आणि मी त्याला दारापर्यंत पोचवून आले!”

आणि तो पातळ आवाज? तो सोळा वर्षांच्या मॅल्कम हिंगलीचा. त्या गदारोळानंतर तोच येऊन तिच्याजवळ बसला, कारण तिच्याकडे अंड्याची सँडविचेस होती आणि त्याच्याकडे परतीच्या तिकिटाशिवाय काही नव्हतं. तिनं त्याला अर्धी दिली. आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर एक घोडा काढून दिला. केटचाच घोडा. पोरगं बघत राहिलं.

“काय म्हणालं माहितीये?” थेल्मानं विचारलं. मला माहीत होतं, तरी मी मान हलवली. “म्हणालं, ‘बाई, तुम्ही रेजची नक्कल अगदी हुबेहूब करता हो!’”

ती दर वर्षी जात राहिली. ते दोन दिवस यावेत म्हणून ती बाकीचं वर्ष रेटायची. खोटं कशाला, ती तिथं सुखी होती. नेमकं तेच तिला आता सहन होत नव्हतं. ‘क्लोव्हर’ बंद पडलं, संपादक गेला, आता बोलायला हरकत नाही म्हणून ती रेजला म्हणाली, दे परत. रेज हसला, म्हणाला, पुढच्या वर्षी सांगू, या वर्षी मला त्याबद्दल मानाची ढाल देतायत, बरं दिसत नाही. पुढच्या वर्षी आणखी काही. आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबाला तिथं ऊब लागलेली. मग तिनं मॅल्कमला सांगितलं. मॅल्कम खदखदून हसला. “तू आणि तुझी थट्टा, थेल्मा!” तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा तो हसला नाही. त्यानं रेजला विचारलं, आणि रेजनं ते हातभाराचं सांगितलं. पुढे रेज मेला. ‘क्लोव्हर’नंतर थेल्मानं शाळेत मुलांना जेवण वाढायची नोकरी केली. तिथं तिच्यासमोर पोरी थाळी घेऊन उभ्या राहायच्या, दप्तरावर केट चिकटवलेली.

“पैशाचं काही नाही मला,” ती म्हणाली. “ढालही त्याच्या थडग्यावर ठेवा. माझं नाव हवं मला त्या पुस्तकावर. माझ्या हयातीत. बस.”

जूनमध्ये आम्ही गेलो. माझं तिथं टेबल होतंच. माझं नाव दोन हात लांबीच्या कापडावर छापून माझ्या डोक्यामागे टांगलं होतं, आणि त्या दिवशी मला त्याच्याखाली बसायची लाज वाटत होती. मी आठ पायांचे राक्षस काढतो. कुणी ते चोरलेही नसते.

दालन असं, की एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला उद्या ऐकू येईल. टीव्हीतल्या नटांबरोबर फोटो काढायला माणसं गुरांसारखी दोरांच्या आत उभी. दाराशी एका मुलीनं थेल्माच्या गळ्यात बिल्ला अडकवला. ‘थेल्मा : चाहती, पहिल्या संमेलनापासून’. थेल्मानं तो वाचला. आसपास पातेलं नव्हतं.

व्यासपीठावर मॅल्कम, थेल्मा, आणि श्रवणयंत्र लावलेला एक जुना चाहता. समोर चांगली गर्दी. मॅल्कमनं सायक्लोस्टाईलच्या शाईचं सांगितलं, सूपमधल्या पोपड्यांचं सांगितलं, लोक खूष झाले. श्रवणयंत्रवाला म्हणाला, बिअर चांगली होती. मग मॅल्कम म्हणाला, “आणि आता, आमचा जुना खेळ!” मागच्या पडद्यावर केट आली. तोच पाऊस, तोच अडलेला घोडा, आता घराएवढा. “हात कुणाचा?”

“पार्जिटर!” सगळे ओरडले आणि पाय आपटायला लागले. खाली गालिचा होता, त्यामुळे नुसतं धप् धप् झालं.

“थेल्मा,” मॅल्कम प्रेमानं म्हणाला, “तू होतीस त्या दिवशी. सांग ना यांना, कसं वाटलं होतं?”

थेल्मानं माईक जवळ ओढला.

“घाण वाटलं होतं,” ती म्हणाली. “कारण ते माझं होतं.”

कुणीतरी हसलं. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी गमतीशीर आहे.

“हसू नका,” ती म्हणाली. “मी विनोद केला की सांगेन. ती केट मी काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, माझ्या स्वयंपाकघरात. तेव्हा बोलले असते तर काम गेलं असतं, म्हणून मूग गिळून बसले. रेज म्हणाला, सांभाळून ठेवतो. मरेपर्यंत सांभाळलंन! आणि या मॅल्कमला मी तीनदा सांगितलंय. मॅल्कम, त्या दिवशी तू सोळा वर्षांचा होतास, भुकेला होतास, मी तुला माफ केलं. आता सदुसष्टचा आहेस आणि पोटभर जेवलेला आहेस.”

आता कुणी हसलं नाही. मॅल्कमचे कान लाल झाले होते.

“थेल्मा, रेज आज उत्तर द्यायला नाही,” तो म्हणाला. “मेलेल्या माणसाबद्दल—”

“मेला म्हणून ते त्याचं झालं? मग माझं व्हायला मीही मरू का? सांग, तारीख सांग, येताना तशी तयारी करून येते.”

“तुझ्या आठवणींचा आम्हाला आदर आहे,” मॅल्कम म्हणाला. तो आता सभेकडे बघून बोलत होता. “पण आठवण म्हणजे संशोधन नव्हे. पुढचं चित्र घ्या.”

पडद्यावर फुटबॉलवाला आला. केट गेली.

थेल्मानं गळ्यातला बिल्ला काढून मॅल्कमच्या पाण्याच्या ग्लासात सोडला, पायऱ्या उतरली आणि गर्दी कापत थेट माझ्या टेबलाशी आली. मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार होतो, तिनं मला हातानं बाजूला सारलं. माझी पांढऱ्या रंगाची बाटली, बारीक ब्रश आणि पेन उचललं.

“आंटी, काय करतेयस तू?”

“काम.”

पांढरा रंग आमच्या टेबलावर असतोच, चुकलेली रेघ झाकायला. थेल्माच्या काळी लंडनच्या कचेरीत त्यासाठी एक माणूसच बसवलेला असे. चित्रकारानं विटेत, गवतात, घोड्याच्या नालात चोरून आपलं नाव घातलं तर ते हुडकायचं आणि वर पांढरा फासायचा, एवढंच त्याचं काम. थेल्मानं त्याचं तोंड कधी पाहिलं नाही, पण त्याच्या ब्रशाचा राग तिला जन्मभर होता.

प्रकाशकाच्या स्टॉलवर केटच्या पुस्तकांचा ढीग रचला होता. थेल्मानं खुर्ची ओढली, वरची प्रत घेतली, आतलं नावाचं पान उघडलं आणि ‘रेज पार्जिटर’वर सावकाश, कडा सांभाळून, पांढरा फिरवला.

“मॅम! मॅम, ते विकायचं आहे!” स्टॉलवरची मुलगी धावली.

“विक ना. खराब माल आलाय तुमच्याकडे, नीट करून देतेय.” वाळायची वाट बघत तिनं फुंकर घातली आणि वर शाईनं लिहिलं, ‘थेल्मा स्किडमोर’. “सोनेरी शाई आहे का गं? नाही? असू दे.”

मुलीनं मालकाला फोन लावला. तेवढ्यात व्यासपीठासमोरून उठून आलेली एक बाई स्टॉलपुढे उभी राहिली. पांढरे केस, हातात कापडी पिशवी. तिनं पिशवी खाली ठेवली.

“केट पळायची तेव्हा स्कर्टचा काठ कमरेच्या पट्ट्यात खोचायची,” ती थेल्माला म्हणाली. “आम्ही सगळ्या तसंच करायचो. आई मारायची. मला तेव्हाच वाटायचं, हे कुण्या बाप्याला सुचायचं नाही.”

“नाहीच सुचलं,” थेल्मा म्हणाली. “नाव काय, बाय? काय लिहू?”

“सँड्रा. माझ्या बहिणीसाठीही एक हवं.”

मालक पोचला तोवर रांग नटांच्या दोराला जाऊन भिडली होती. बहुतेक बायका. त्यानं पांढरा रंग पाहिला, थेल्माला पाहिलं, मग रांग पाहिली, आणि मुलीला म्हणाला, “गोदामातून आणखी दोन खोकी आण.” त्याला खऱ्याखोट्याचं सोयरसुतक नव्हतं, असं माझं मत आहे. मी त्याला गाठून विचारलं, पुढच्या छपाईला नाव बदलणार का? तो म्हणाला, “मॅल्कम हो म्हणाले तर आजच्या आज. त्यांच्या शब्दाविना मी रेजच्या मुलीला काय तोंड दाखवू?”

म्हणजे गाडं पुन्हा मॅल्कमपाशीच.

मॅल्कम खांबाआड उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक. थेल्मा पांढरा फासत होती, फुंकर घालत होती, लिहीत होती, प्रत्येकीशी दोन शब्द बोलत होती. तिचा चेहरा उतरला नव्हता आणि खुललाही नव्हता. भांडी घासताना असतो तसाच होता. शेवटी मॅल्कम रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पुढच्या बायकांनी त्याला ओळखलं, पण वाट दिली नाही. एकीनं मागं वळून विचारलं, “संशोधन करायला आलात?” तो इंच इंच पुढे सरकत राहिला. मालकही बघत होता, मीही.

त्याची पाळी आली. त्यानं स्वतःची प्रत पुढे केली, नावाचं पान आपणच उघडून. अंगठा रेजच्या नावाखाली होता.

“कर,” तो म्हणाला. “मी मालकांना सांगतो. पुढच्या वेळी… ते बरोबर छापतील.”

“मोठ्यानं सांग त्यांना. मागं उभे आहेत.”

मॅल्कम वळला आणि सांगितलं. मालकानं मान डोलावली. मग थेल्मानं त्याची प्रत घेतली आणि बाकीच्यांसारखीच केली, तितकीच सावकाश, कमी नाही, जास्त नाही. फुंकर घातली. आपलं नाव लिहिलं. आणि पेन तसंच धरून, मान वर न करता विचारलं,

“कुणासाठी लिहू? आपलं नाव काय?”

त्यानं मान वाकवून तिचा चेहरा शोधला. मागची बाई खाकरली.

“थेल्मा…” तो म्हणाला.

“ते माझं झालं. तुमचं?”

मॅल्कमनं हळू आवाजात आपलं नाव सांगितलं.

“जरा मोठ्यानं,” ती म्हणाली. “फार गलका आहे इथं.”